आजारी म्हणून काढलं, धडधाकट म्हणून परत पाठवलं

तुमच्या पाण्याच्या मोटारीत, दारावरच्या बेलमध्ये, फ्रिजशेजारच्या स्टॅबिलायझरमध्ये तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं. त्याला कॉइल म्हणतात. ते काही आभाळातून पडत नाही. कुणीतरी खुर्चीवर बसून, मान मोडेपर्यंत ते गुंडाळलेलं असतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं ते कुणीतरी म्हणजे मी होते. कॉइल गुंडाळणाऱ्या बाईनं दिवाळी अंकात काय लिहायचं, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, कधी कुणाला सांगितलं नाही ते लिहा. तसं माझ्याकडे एकच आहे. मला फिट्स येतात. मिरगी म्हणा, अपस्मार म्हणा. आमच्या सासूबाई त्याचं नावसुद्धा घ्यायच्या नाहीत, ‘सुलभाचं ते’ एवढंच म्हणायच्या.

आधी काम समजून घ्या, मग आजार कळेल. आमचा कारखाना मोठ्या मोटारी चालू-बंद करणारे स्विच बनवायचा. त्या स्विचच्या पोटात कॉइल. तिच्यातून वीज गेली की तिचं लोहचुंबक होतं आणि स्विच खटकन बसतो. केसाएवढी तार आणि दोन हजार चारशे वेढे. शंभर वेढे कमी पडले तर कॉइल तापून जळते, शंभर जास्त झाले तर स्विच नीट बसत नाही, नुसता गुरगुरत राहतो. मशीनला आकडा दाखवणारा काउंटर असतो, पण तार तुटली की चार वेढे मागे घ्यावे लागतात आणि काउंटर काही मागे फिरत नाही. शिवाय लहान ऑर्डरीच्या कॉइल आम्ही हातमशीनवर करायचो. तिथं बाईच्या तोंडातला आकडा हाच काउंटर. एका ओळीत आठ बायका, आठही जणींचे ओठ हलतायत आणि आवाज कुणाचाच नाही. नवीन माणसाला वाटायचं, जप चाललाय.

आणि नेमकं हे मोजायचं काम माझ्या वाट्याला यावं, ही देवाची चेष्टाच म्हणायची. फिट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जमिनीवर हातपाय झाडणारं माणूस येतं. तशी मोठी फिटही मला येते, पण ती बहुतेक घरीच यायची. कामावर यायची ती छोटी. आठ-दहा सेकंद मी नसतेच. डोळे उघडे, हात कधी चालू तर कधी थांबलेला, आणि मी कुठंच नाही. परत आले की तोंडात ‘सातशे बारा’ असतं, आणि ते खरं की खोटं हे सांगायला कुणी नसतं.

पहिल्याच महिन्यात टेस्टिंगवाल्यांनी माझ्या तीन कॉइल लाल चिठ्ठी लावून परत पाठवल्या. आमचे सुपरवायझर जोशीसाहेब ट्रे घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. ‘‘बाई, लक्ष कुठंय? घरी काही भांडणबिंडण?’’ मी म्हटलं, ‘‘हो साहेब, जरा झालंय.’’ नवऱ्याला हकनाक बदनाम केलं, पण दुसरं काय सांगणार!

त्या रात्री मी विचार केला, की आपलं डोकं भरवशाचं नाही, तर भरवसा ठेवायला दुसरं काहीतरी हवं. कॉइलमध्ये तारेच्या दोन थरांच्या मध्ये पातळ कागद घालावाच लागतो. मी त्या कागदाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक आकडा लिहायला लागले, इथवर किती वेढे झाले त्याचा. मध्येच शंका आली की शेवटच्या आकड्यापर्यंत तार उलगडायची आणि तिथून पुन्हा गुंडाळायची. बाकीच्या बायका अडखळल्या की अंदाजानं पुढे जायच्या. मला ती चैन परवडणारी नव्हती. सहा महिन्यांनी माझ्या ट्रेमधलं काही परत येईनासं झालं.

मग एकदा पुण्याहून माल घेणाऱ्या कंपनीचे साहेब तपासणीला आले. उंच, गोरे, प्रत्येक गोष्ट वहीत लिहिणारे. त्यांनी सरळ एक कॉइल कापून उघडली आणि आत त्यांना थराथराला पेन्सिलीचे आकडे दिसले. ‘‘हे कोण करतं?’’ झालं! जोशीसाहेब मला बोलवायला आले. मला वाटलं, पकडले गेले. तर पुण्याचे साहेब खुशीत. म्हणाले, ‘‘ही कल्पना सुचली कशी तुम्हाला?’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, माझा माझ्यावर भरवसा नाही.’’ सगळे हसले. काय नम्र बाई आहे, असं जोशीसाहेब नंतर चारचौघांत सांगत फिरले. मी नम्र कशाची, खरं तेच बोलले होते. महिन्याभरात सगळ्या ओळीला तसे आकडे लिहायचा हुकूम निघाला आणि सात बायकांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या.

लपवण्यातही मी असाच हात बसवला होता. कॅल्शियमच्या डबीत फिट्सच्या गोळ्या. कंपनीतर्फे कामगारांचा सरकारी दवाखाना होता, तिथं मी सर्दीखोकल्याशिवाय कधी गेले नाही, कारण तिथला कागद कंपनीत पोचेल अशी भीती. पंचवटीत एका खाजगी डॉक्टरांकडे जायचे आणि गोळ्या घेतल्या की चिठ्ठी फाडून टाकायचे. डॉक्टर म्हणायचे, ‘‘फाइल करा, तारखा लिहून ठेवा.’’ मी हो हो म्हणायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. कॉइलमधला एक वेढा चुकू न देणाऱ्या बाईनं स्वतःला किती फिट्स येतात ते बावीस वर्षांत एकदाही मोजलं नाही. याचं आज वाईट वाटतं.

आणि मग ती हरतालिका. नवऱ्याच्या आयुष्यासाठी बायका कडक उपास करतात, पाण्याचा थेंब नाही. मी लग्नापासून करत आले. पण दरवर्षी गोळी मात्र गुपचूप एक घोट पाण्याबरोबर घ्यायचे. त्या वर्षी नवऱ्याचं नुकतंच हृदयाचं दुखणं होऊन गेलेलं. मनात आलं, या खेपेला एक घोटसुद्धा नको, देवाला फसवायला नको. आदल्या रात्री गणपतीच्या आराशीपायी जागरण. सकाळची गोळी नाही, अन्न नाही, पाणी नाही, आणि मी कामावर हजर. दुपारी तीनच्या सुमाराला मी खुर्चीवरून खाली पडले. पुढचं मला काही माहीत नाही. शुद्धीवर आले तेव्हा पातळ ओलं झालेलं होतं आणि सगळं खातं माझ्याभोवती गोल करून उभं होतं. त्या गोलात पुण्याहून आलेले दोन पाहुणेही होते. नवऱ्याला आयुष्य मिळालं, देवाची कृपा आहे. माझी नोकरी मात्र गेली.

निर्मला म्हणून माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. तिनं आपल्या ओढणीनं मला झाकलं आणि ‘‘चला, व्हा बाजूला, काय तमाशा आहे का?’’ म्हणून सगळ्यांना हाकललं. घरी सोडायला रिक्षात माझ्याबरोबर तीच होती. मी म्हटलं, ‘‘निर्मला, तुला म्हणून सांगते, मला...’’

‘‘माहितीय,’’ ती म्हणाली.

‘‘कधीपासून?’’

‘‘अगं, शेजारी बसते ना मी! तू मध्येच कोरी व्हायचीस. मी कात्री टेबलावर आपटायचे, तू परत यायचीस. तुला काय वाटलं, माझ्या हातातून रोज कात्री पडते?’’

मी रिक्षात रडले. मला वाटत होतं मी एकटीच सांभाळतेय. ती इतकी वर्षं माझ्या बाजूनं जागी होती, आणि मी तिला एका शब्दानं विश्वासात घेतलं नव्हतं.

चार दिवसांनी ऑफिसात बोलावलं. जोशीसाहेब आता मॅनेजर झाले होते. वाईट माणूस नव्हे हो तो. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, ‘‘सुलभाताई, उद्या मशीनवर पडलात तर जबाबदारी कुणाची? वरून विचारणा झालीय. आम्ही काढलं असं नको व्हायला. तुम्हीच लिहून दिलंत तर तुमचंही नाव राहील.’’ घरी विचारलं तर नवरा म्हणाला, ‘‘कारण काय लिहिशील? पोरीचं लग्न व्हायचंय अजून. बोभाटा नको.’’ म्हणून मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘घरगुती कारणास्तव राजीनामा देत आहे.’ सही केली. बावीस वर्षं सगळं उलगडून पाहायची सवय, आणि तो एक कागद मी न उलगडता देऊन आले.

त्याचा अर्थ कळायला सहा महिने लागले. दुसरीकडे काम मिळेना. अंबडला चार ठिकाणी गेले, पण कारखान्यांच्या गेटवर बातमी माणसाच्या आधी पोचते. तेव्हा पोरगीच म्हणाली, ‘‘आई, दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढ. त्यांच्यासाठी राखीव जागा असतात, योजना असतात.’’ मी म्हटलं, ‘‘तुझ्या लग्नाचं काय?’’ ती अशी चिडली! ‘‘माझं नाव पुढे करून नोकरी सोडलीस, आता माझ्या नावानं घरात बसणारेस का? ज्याला तू चालत नाहीस, तो मला कशाला चालेल?’’ तिच्या या बोलण्यानं मी उठले.

ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेंटरवर गेले. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरवर यादी उघडली. अंध, कर्णबधिर, हातापायाचं अपंगत्व, अशी भली मोठी. वर-खाली करून झाल्यावर म्हणाला, ‘‘मावशी, फिट्स यात नाहीत. मानसिक आजार टाकू का?’’ मी म्हटलं, ‘‘मी वेडी नाही रे बाबा.’’ हे मी तडकाफडकी म्हटलं खरं, पण घरी येताना माझीच मला लाज वाटली. लोक माझ्यापासून जसे लांब सरकतात, तशीच मी दुसऱ्या कुणापासून लांब सरकले होते. शेवटी त्यानं मेंदू आणि नसांच्या जुनाट आजारांचा रकाना शोधला आणि त्यात मला बसवलं.

मग कागद. जुने रिपोर्ट? फाडले. औषधांच्या चिठ्ठ्या? फाडल्या. कामगारांच्या दवाखान्यातली नोंद? सर्दी, खोकला, एकदा कंबर. नोकरी आजारामुळे गेली याचा पुरावा? माझ्याच अक्षरातलं ‘घरगुती कारणास्तव’. इतकं बेमालूम लपवलं होतं, की मला काही आहे हे सिद्ध करायला आता माझ्याकडे चिठोरंही नव्हतं. पंचवटीच्या डॉक्टरांनी तेवढं एक पत्र दिलं आणि मेंदूचा आलेख नव्यानं काढून घेतला. तो आला नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, दोन फिट्सच्या मधल्या काळात तो नॉर्मल येऊ शकतो, त्यात नवल नाही. आयुष्यात पहिल्यांदा रिपोर्ट चांगला आला म्हणून मी कपाळाला हात लावला.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणीचा दिवस. लांबलचक बाकड्यावर आम्ही पन्नासएक जण. माझ्या एका बाजूला कुबड्या घेतलेली कळवणची बाई, दुसऱ्या बाजूला चाकाच्या खुर्चीतले आजोबा. बाईनं मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘‘तुमी कोनासंगं आल्या?’’

‘‘माझंच आहे.’’

‘‘तुमाला काय झालंय? चांगल्या तर दिसत्या.’’

बावीस वर्षं हेच ऐकायला मिळावं म्हणून धडपडले होते. त्या दिवशी ते तोंडात मारल्यासारखं लागलं.

आतल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सकाळपासून माणसं पाहून दमलेल्या, तरी बोलायला सरळ. ‘‘महिन्यातून किती वेळा येते?’’

‘‘मोजलं नाही.’’

‘‘शेवटची मोठी कधी?’’

‘‘हरतालिकेला.’’

‘‘चालता-बोलता येतं? स्वयंपाक? हिशेब?’’

‘‘येतं.’’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘‘ताई, नुसत्या फिट्सवर मला अपंगत्वाचे टक्के देता येत नाहीत. सोबत एखादी बाजू लुळी असती, किंवा समजायला-बोलायला अडचण असती, तर त्याचं मोजमाप आहे. फिट्सचं मोजमाप माझ्याकडच्या कागदात नाही.’’

मी म्हटलं, ‘‘म्हणजे अजून थोडं बिघडायला हवं होतं.’’

त्या रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, ‘‘तुम्ही म्हणताय ते मला कळतंय.’’ पुढे काही दिवसांनी निकालाचा कागद हाती आला. माझा फोटो, नाव, वय आणि खाली एक ओळ, अपंगत्व आढळून आले नाही.

मी तो कागद तीन वेळा वाचला आणि माझं डोकं फिरलं. एक म्हणतो तू इतकी आजारी आहेस की खुर्चीवर बसून तार गुंडाळू शकत नाहीस. दुसरा म्हणतो तुला काहीच झालेलं नाही. अरे, मग मी आहे तरी कोण? दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं पातळ नेसून मी थेट जुन्या कंपनीच्या गेटवर गेले. जोशीसाहेबांच्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हटलं, ‘‘घ्या. सरकारनं लिहून दिलंय, मला काही झालेलं नाही. कधीपासून येऊ?’’

साहेबांनी कागद वाचला. मग मला खात्यात घेऊन गेले, का कोण जाणे. भिंतीवर कामाच्या पद्धतीचा मोठा तक्ता लावला होता. त्यात माझे पेन्सिलीचे आकडे, चित्रासकट. ‘‘बघा, तुमची पद्धत अजून चालू आहे,’’ ते म्हणाले. मी विचारलं, ‘‘आणि मी?’’ त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. मी आले तशी निघाले. निर्मलानं मशीनवरून हात वर केला, पण तोंडात आकडा असल्यामुळे ती बोलू शकली नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी निर्मलानंच मला दिंडोरी नाक्याच्या बाजूला युसुफभाईंचं दुकान दाखवलं. जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात. दिंडोरीकडचे द्राक्षवाले शेतकरी पंपाच्या मोटारी घेऊन येतात आणि मोटार हातात पडेपर्यंत दुकानातून हलत नाहीत. त्या दिवशीही एक जण पिंपावर बसून होता, वयानं पन्नाशीचा, जॅकेटवर औषधफवारणीचे निळे डाग. युसुफभाईंनी मला तार गुंडाळायचा एक फर्मा आणि तारेचं रीळ दिलं. मी कॉइल भरली. त्यांनी चष्म्यातून पाहिली, नखानं तारेवर कुठं ओरखडा आहे का ते चाचपलं. ‘‘हात अच्छा आहे,’’ ते म्हणाले. ‘‘नोकरी का सोडली?’’

तोंडावर आलं होतं, घरगुती. पण त्या कारणानं माझं वाटोळं केलं होतं. मी म्हटलं, ‘‘मला फिट्स येतात. त्यापायी गेली.’’

पिंपावरच्या माणसानं मान वर केली. युसुफभाईंनी चष्मा काढला. मी पिशवी उचलायच्या तयारीत होते. पुढचं वाक्य मला पाठ होतं, ‘कळवतो तुम्हाला.’

ते म्हणाले, ‘‘बरं. आली तर आम्ही काय करायचं?’’

उत्तर काही अवघड नव्हतं. डॉक्टरांनी ते मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. पण सासर, माहेर, कारखाना, दवाखाना, कुणी म्हणता कुणी मला हे विचारलं नव्हतं. कधीपासून आहे, कुणामुळे आहे, लग्नाआधी सांगितलं होतं का, हे सगळ्यांनी विचारलं. काय करायचं, हे पहिल्यांदा विचारलं ते या दाढीवाल्या, हाताला व्हार्निश लागलेल्या माणसानं.

‘‘दाखवते,’’ मी म्हटलं. पातळाचा पदर खोचला आणि दुकानातल्या फरशीवर, तारेच्या तुकड्यांत, आडवी झाले. पन्नाशीला आलेली बाई. रस्त्यावरचे दोघं थांबून बघायला लागले. बघू देत म्हटलं. ‘‘असं एका कुशीवर करायचं. डोक्याखाली काहीतरी मऊ घालायचं. जवळची कात्री, हत्यारं लांब सरकवायची. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्याची गाडी बोलवायची. थांबली तर थोडं झोपू द्यायचं, आणि भोवती गर्दी करायची नाही.’’

‘‘बस, एवढंच?’’ युसुफभाई म्हणाले. त्यांनी खडू घेऊन आतल्या भिंतीवर एकेक गोष्ट लिहून काढली. ‘‘सोमवारपासून या.’’

मी उठून पातळ झटकत होते, तेवढ्यात तो शेतकरी पिंपावरून खाली उतरला. टोपी हातात घेतली होती.

‘‘ताई, राग नका मानू. आमच्या भावजयीला हाय हे. बारा वर्सं झाली. आमी चार जण तिला दाबून धरतो अन् नाकाला चप्पल लावतो. लय घट्ट धरतो, मागं तिचं मनगट मोडलं व्हतं.’’ मग त्यानं विचारलं, ‘‘नाय धरायचं का?’’

‘‘नाही हो दादा. नाही धरायचं.’’

मग तो खिशातून मोबाइल काढून म्हणाला, ‘‘ते कुशीवर कसं, ते परत एकदा दाखवता का? तिच्यासाठी व्हिडिओ काढून नेतो.’’

मी पुन्हा फरशीवर आडवी झाले.